क्रीक म्हणजे ओढा की खाडी? (ऐरोलीत राहून हा प्रश्न पडावा!)

ऐरोलीची आई :
लेक सहावीत आहे, इंग्रजी माध्यम. परवा वर्कबुकात 'खालील शब्दांचे अर्थ लिहा' असा गृहपाठ होता. 'क्रीक'समोर तिने लिहिलं की समुद्राचं पाणी जमिनीत आत शिरतं तो चिंचोळा भाग. मिसनी त्यावर लाल काट मारली आणि शेजारी लिहून दिलं, 'लहान ओढा'. अर्धा मार्क गेला.

मार्काचं मला काही नाही. पण आमच्या गॅलरीत उभं राहिलं की समोर तिवरं, तिवरांपलीकडे चिखल आणि चिखलापलीकडे पाणी दिसतं. लेक बोलायला लागली तेव्हापासून तिला ते 'ठाणे क्रीक' म्हणून दाखवत आलोय. आता ती विचारते, "मग हा ओढा आहे का? एवढा मोठा?" तिच्या बाबांनी नेहमीप्रमाणे "आईला विचार" म्हणून अंग काढून घेतलं.

मोबाईलवर शोधलं तर दोन्ही अर्थ सापडले, त्यामुळे घोळ वाढलाच. इथे भाषेतले दर्दी आहेत म्हणून विचारते. मूळ अर्थ कोणता? दुसरा आला कुठून? आणि आपल्याकडच्या पोरांनी वहीत काय लिहावं? मिसशी भांडायचं नाहीये, बाई चांगल्या आहेत. डायरीत दोन ओळी लिहून पाठवायच्यात, त्या धड असाव्यात एवढंच.

जुना ठाणेकर :
कमाल आहे. ऐरोलीच्या मुलीला क्रीक म्हणजे ओढा शिकवायचं! त्या मिसना एकदा भरतीच्या वेळी कळव्याच्या पुलावर नेऊन उभं करा.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्यापर्यंत आली. रूळ कल्याणला पोचले ते पुढच्या वर्षी, १८५४ साली, खाडीवर पूल बांधून. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आत्ताचं मध्यवर्ती कारागृह, तो बांधला कशासाठी? खाडीवर नजर ठेवायला. ओढ्यावर पहारा ठेवायला कोणी किल्ला बांधत नाही.

ओढा हा अर्थ चूक आहे. लिहून द्या सरळ.

शब्दखोर :
काका, दमाने. दोन्ही अर्थ बरोबर आहेत, पण दोघांचं वय सारखं नाही. थोडं लांबण लागेल, ताई, चहा घेऊन बसा.

मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, 'क्रिकी'. अर्थ कोपरा, बेचका, वळणाची आतली जागा. आजही आइसलँडच्या भाषेत 'हंडारक्रिकी' म्हणजे काख, हाताचा बेचका. तर किनाऱ्याला अशी जी आत गेलेली बेचकी असते, जिथे होडी लाटांपासून सुरक्षित लागते, ती क्रीक. इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकापासून लिहिलेला सापडतो, तेव्हा त्याचं रूप 'क्रिके'सारखं होतं. फ्रेंचांनीही तो नॉर्स लोकांकडूनच उचलला, तिथे लहानशा आखूड उपसागराला तेच म्हणतात.

म्हणजे मूळ अर्थात पाणी समुद्राचं आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात संत पॉलचं जहाज माल्टाजवळ फुटतं तो प्रसंग आहे. खलाशांना किनारा असलेली एक 'क्रीक' दिसते आणि ते जहाज तिच्यात घालायचा बेत करतात. तिथे ओढा बसवून बघा, जहाज ओढ्यात कसं घालणार? ब्रिटिश कस्टमच्या भाषेतही एक क्रीक होती. मोठ्या बंदराच्या हाताखालचं लहान बंदर, जिथे स्वतंत्र कस्टम हाऊस नाही, ते क्रीक. सगळा व्यवहार खाऱ्या पाण्याचा.

ओढ्याला खुद्द इंग्लंडात वेगळे शब्द आहेत. दक्षिणेत ब्रूक, उत्तरेत बेक, स्कॉटलंडात बर्न. त्यामुळे तिथे कोणाला ओढ्यासाठी क्रीक शब्द लागलाच नाही.

मग ओढा आला कुठून? अमेरिकेतून. सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाले तिथल्या पूर्व किनाऱ्यावर उतरले. तो भाग आपल्या कोकणासारखा, भरतीचं पाणी आत आत शिरणारा. ते होडीने आत गेले आणि प्रत्येक फाट्याला त्यांनी सवयीने क्रीक म्हटलं. पुढे त्याच पाण्याच्या काठाने वर वर वस्ती होत गेली. खारं पाणी संपलं, गोडं लागलं, पात्र अरुंद झालं, पण नाव तेच राहिलं. मुखाशी जी क्रीक होती तीच डोंगरातही क्रीक. दोन-तीन पिढ्यांनी समुद्र कधी न बघितलेली माणसं घरामागच्या ओढ्याला क्रीक म्हणायला लागली. ब्रूक शब्द तिथे गावांच्या आणि गल्ल्यांच्या नावात उरला.

न्यूजर्सीचा बंड्या :
मूळ नौपाड्याचा, आता इकडे. शब्दखोर म्हणतायत ते रोज बघतो. आमच्या मागच्या अंगणाच्या टोकाला क्रीक आहे. पाणी घोट्याएवढं, पाऊस झाला तर गुडघाभर. पोरं त्यात दगड टाकतात. आई इकडे आली होती तेव्हा शेजारीण तिला म्हणाली, आमच्या मागे क्रीक आहे. आई दुसऱ्या दिवशी मासळी मिळेल का विचारायला गेली. :)

आणि काही भागांत उच्चार 'क्रिक', ऱ्हस्व. म्हातारी माणसं हमखास तसं म्हणतात.

गंमत म्हणजे इथेही जुना अर्थ मेलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या मधे न्यूटाऊन क्रीक आहे. भरती-ओहोटीचं पाणी, दोन्ही काठांना कारखाने, आणि पाण्याची कीर्ती आपल्या खाडीसारखीच. म्हणजे एकाच देशात घरामागचा ओढाही क्रीक आणि शहरातली खाडीही क्रीक.

अवांतर : ब्रुकलिनमधला ब्रूक म्हणजे ओढा नव्हे. ब्रोइकेलेन नावाच्या डच गावावरून आलंय ते.

जुना ठाणेकर :
अमेरिकन लोकांनी काय बिघडवलं नाही ते सांगा. चुकीचा अर्थ तीनशे वर्षं वापरला म्हणून बरोबर होतो का?

शब्दखोर :
हो. :) भाषेत होतो.

आणि एकट्या अमेरिकेवर खापर नको. ऑस्ट्रेलियातही तेच. तिथली कूपर क्रीक सुमारे १३०० किलोमीटर लांब आहे. आपल्या गोदावरीची लांबी १४६५, म्हणजे गोदावरीच्या पंगतीला बसेल अशी 'क्रीक'. चार्ल्स स्टर्ट १८४५ साली तिथे पोचला तेव्हा पाण्याला वाहच नव्हता, म्हणून नदी म्हणायला त्याचं मन धजेना आणि क्रीक हे नाव पडलं. आज ती कोरडी असते तेव्हाही क्रीक, आणि पूर येऊन मैलोन् मैल पसरते तेव्हाही क्रीकच. तिथे समुद्राचा संबंध शोधायला गेलात तर हाती वाळवंट लागेल.

खोपट मास्तर :
निवृत्त इंग्रजी शिक्षक. मिसच्या बाजूने कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून आलो.

ही वर्कबुकं बनतात कशी ते बघा. शब्दार्थ कुठल्या तरी अमेरिकन बालकोशातून उचललेले असतात, त्यात पहिला अर्थ 'लहान प्रवाह'. उत्तरसूचीत तोच छापला जातो. बाईंसमोर साठ-साठ वह्यांचा गठ्ठा, त्या सूचीवर बोट ठेवून तपासत जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ब्रिटिश कोश उघडला असता तर पहिला अर्थ किनाऱ्यावरचा मिळाला असता, आणि ओढ्यापुढे 'उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड' अशी खूण दिसली असती. अख्खी भानगड कोणता कोश उघडला एवढ्यावर आहे.

माझं खरं भांडण वेगळं आहे. सुटा शब्द देऊन अर्थ विचारणंच मला पटत नाही. वाक्य द्या ना. 'मुलं उडी मारून क्रीक ओलांडून गेली' म्हटलं की ओढा. 'ओहोटीला क्रीकमध्ये होड्या चिखलावर टेकल्या' म्हटलं की खाडी. सहावीच्या पोरांना हे लगेच कळतं.

जाता जाता, स्पेलिंग. मधे दोन ई असतील तर खाडी किंवा ओढा. ई-ए असेल तर दाराच्या बिजागरीची करकर. उच्चार दोन्हींचा तोच. आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या गेटवर पितळी अक्षरांत दुसरं स्पेलिंग आहे. 'करकर दर्शन सहकारी गृहनिर्माण संस्था'. मी सेक्रेटरींना सांगितलं, ते म्हणाले रजिस्ट्रेशन त्याच नावाने झालंय, आता राहू दे.

पामबीचवाला :
मास्तर =))

विषय निघालाच आहे म्हणून. बिल्डरांच्या जाहिरातीत 'क्रीक व्ह्यू', 'क्रीक फेसिंग', 'क्रीकसाईड' असतं. 'खाडी दर्शन' कोणी का छापत नाही? वस्तू तीच. पण खाडी म्हटलं की आपल्या नाकाला वास येतो आणि क्रीक म्हटलं की चौरस फुटाला भाव चढतो. मी असाच 'क्रीक फेसिंग' फ्लॅट बघायला गेलो होतो. सेल्सवाला पोरगा बाराव्या मजल्यावर नेऊन हात पसरून म्हणाला, "सर, अनइंटरप्टेड क्रीक." खाली बघितलं तर काँक्रीटचा नाला. समुद्राशी त्याचं नातं पार लांबचं. विचारलं तर म्हणतो, पुढे जाऊन क्रीकलाच मिळतो ना सर.

आता कळलं, त्याने अमेरिकन अर्थ घेतला होता.

अनामिक ५ :
बॉम्बे हे नावच पोर्तुगीज 'बॉम बे' म्हणजे चांगला उपसागर यावरून आलंय. मग क्रीक पण पोर्तुगीज असेल.

शब्दखोर :
नाही हो. पोर्तुगीजमध्ये उपसागराला 'बाईया' म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी आहे. चांगला उपसागर म्हणायचं तर 'बोआ बाईया' झालं असतं, बॉम नाही. मुंबई मुंबादेवीची. धागा तिकडे वळवू नका, प्लीज.

दिवाळ्याचा भाऊ :
सगळी कोशाची माणसं बोलली, आता पाण्यातल्या माणसाने बोलावं म्हणतो. आमचं घर बेलापूरजवळ, दिवाळे कोळीवाड्यालगत. आजोबा 'खारीन गेलाय' म्हणायचे, खारी म्हणजे खाडी. आमच्या बोलीत ड चा र होतो. घोडा नाही, घोरा.

खाडी आहे की ओढा, हे ठरवायला आम्हाला पुस्तक लागत नाही. काठावर उभं राहा आणि पाण्यावरचा कचरा बघा. ओढ्यातला कचरा कायम एकाच बाजूला जातो. खाडीतला सकाळी वर जातो, दुपारी परत खाली येतो. चोवीस तासांत दोन भरत्या, दोन ओहोट्या. रोज वेळ पाऊण तासाने, जरा जास्तच, पुढे सरकते. आमच्यात हिशेब तिथीवर. पुनवेला-अवसेला दुपारी बाराच्या आसपास भरती, अष्टमीला सहाच्या आसपास. तिथीचे पाऊणपट तास धरायचे, फार चुकत नाही. ओढ्याला तिथी कळते का?

अजून एक दाखवतो. शेताच्या बांधाला आमच्याकडे उघाडी असायची. खारभूमीच्या बांधात एक भोक ठेवायचं आणि खाडीच्या अंगाला त्याला वरून टांगलेली लाकडाची झडप. भरती आली की खाडीचं पाणी झडपेला बाहेरून रेटतं आणि ती गच्च मिटते, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडपेला आतून ढकलतं आणि ती आपोआप उघडते. कोणी माणूस बसवावा लागत नाही. सुटायच्या वेळी धप् असा ओला आवाज यायचा, मग पाण्याची जीभ बाहेर पडायची आणि त्या तोंडाशी जिताडा टपून बसलेला असायचा. आजोबांचं जाळं तिथेच. नवी मुंबईत सिडकोने जे होल्डिंग पाँड, म्हणजे पाणी साठवायची तळी, केलेत ना, त्यांच्या तोंडाला असलेले झडपेचे दरवाजे हेच काम करतात, फक्त लोखंडी. शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून डच पद्धतीने ते तळे ठेवलेत. कुठला ओढा असला दरवाजा मागतो?

आणि इंग्रजीत सगळ्याला एक क्रीक म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे खाडी वेगळी, खाजण वेगळं, मिठागर वेगळं. भरतीला पाणी चढतं आणि ओहोटीला चिखल उघडा पडतो, निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारतात, ते खाजण. खाजणात भराव टाकून वर बोर्ड लावतात 'क्रीक व्ह्यू'. पामबीचवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे.

ऐरोलीची आई :
दादा, उघाडीचं वाचून लेक म्हणाली मला बघायचीय. होल्डिंग पाँडचा दरवाजा दाखवून भागवते.

पाण्यावरचा कचरा बघायचा प्रयोग आज संध्याकाळी केला. थर्माकोलचा तुकडा वर चालला होता. म्हणजे ओढा नाही, हे गॅलरीतून सिद्ध झालं.

भूगोलप्रेमी :
इथे एक पाचर मारतो. मराठीत आपण शाळेत शिकलो ती खाडीची व्याख्या आठवा. भरतीचं पाणी नदीच्या मुखातून आत जिथवर येतं तो भाग म्हणजे खाडी. कोकणात ती चपखल बसते. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी. प्रत्येक खाडीमागे नदी.

ठाण्याची खाडी कुठल्या नदीची? उल्हास म्हणाल तर तिचं खरं मुख वसईला. ठाण्याजवळ एक अरुंद फाटा उल्हासला आणि आपल्या खाडीला जोडतो, पण खाडीतलं बहुतेक पाणी दक्षिणेकडून, मुंबई बंदरातून येतं. पावसाळा सोडला तर गोडं पाणी नगण्य, बाकी शहरांचं सांडपाणी. सुमारे २६ किलोमीटर लांब, ठाण्याकडे चिंचोळी आणि वाशीला इतकी रुंद की पूल पावणेदोन किलोमीटरच्या वर जातो.

म्हणजे गंमत बघा. मराठी व्याख्या काटेकोर लावली तर ठाण्याची खाडी अर्धीमुर्धीच खाडी. उलट इंग्रजीतली जुनी क्रीक, किनाऱ्याची आत गेलेली बेचकी, ती मात्र शंभर टक्के. या एका जागेला इंग्रजी शब्द मराठीपेक्षा नेमका बसतो असं मला वाटतं. शिव्या खायला तयार आहे.

जुना ठाणेकर :
शिव्या नाही देत, पण पाठ्यपुस्तकाची व्याख्या म्हणजे मराठी भाषा नव्हे. ठाण्याचा माणूस पाठ्यपुस्तक निघायच्या आधीपासून खाडी म्हणतोय. १९७३ ला वाशीचा पूल झाला त्यालाही लोक पहिल्या दिवसापासून खाडीपूलच म्हणतात. त्याआधी ठाण्याहून पलीकडे बेलापूर पट्टीत जायचं तर कळव्यावरून वळसा, नाहीतर होडी. होडीवाल्याने कधी विचारलं नाही की नदी कुठली.

दिवाळ्याचा भाऊ :
काका +१. नदी असो नसो, पाणी खारं आणि ये-जा करणारं, म्हणजे खाडी.

हिंदी की टीचर :
मी मराठीच, पण हिंदी शिकवते, वाशीला. हाच घोळ 'खाडी' शब्दाचाही आहे, कोणी बोललं कसं नाही? हिंदीत 'बंगाल की खाड़ी' म्हणजे अख्खा बंगालचा उपसागर. मराठीत 'बे'ला उपसागर, 'गल्फ'ला आखात आणि 'क्रीक'ला खाडी. हिंदीत बे आणि गल्फ या दोन्हींसाठी खाड़ी चालतं. आमच्या वर्गातली मराठी मुलं 'बंगाल की खाड़ी' वाचून विचारतात, "टीचर, ती आपल्या खाडीपेक्षा मोठी आहे का?"

आणि मराठी बातम्यांत हल्ली सर्रास 'खाडी देशांत नोकरीची संधी' येतं. वाचून मला ऐरोली, कळवा, मुंब्रा असे देश डोळ्यासमोर येतात. आखाती देश म्हणा ना. शब्द होता आपल्याकडे, रुळलेला होता.

शब्दखोर :
टीचर, वा. शब्द पाण्याच्या काठाने कसा सरकतो त्याचा हा दुसरा दाखला झाला. इंग्रजीत क्रीक समुद्राकडून डोंगराकडे गेली, हिंदीत खाड़ी खोल समुद्राकडे.

दुबई रिटर्न :
आखाती देशांतूनच आलोय, वीस वर्षं काढली. दुबईतही क्रीक आहे बरं का, शहर तिच्याच दोन काठांवर वाढलं. बर दुबई एका बाजूला, देरा दुसऱ्या. मधून अब्रा नावाच्या लाकडी होड्या माणसं नेतात. अरबीत तिला 'खोर' म्हणतात. पाणी खारंच, नदीबिदी काही नाही. म्हणजे भूगोलप्रेमींची नदीची अट तिथेही बाद. मला पहिल्यांदा अब्रात बसलो तेव्हा कोपरीचं बंदर आठवलं होतं.

खोर, खाडी, खारी एकाच मुळातले असतील काय?

शब्दखोर :
आवाज जुळतो म्हणून सोयरीक जुळत नाही. पुरावा हातात नसताना मी त्या वाटेला जात नाही.

कच्छी मामा :
ठाण्यात तीन पिढ्या, मूळ कच्छचे. आमच्याकडच्या क्रीकवर तर दोन देश अडून बसलेत. सर क्रीक, ९६ किलोमीटर, कच्छ आणि सिंधच्या मधे. पूर्वीचं नाव बाणगंगा. १९१४ साली कच्छचे राव आणि सिंधचं सरकार यांच्यात मुंबई सरकारचा ठराव झाला. त्याच्या नकाशातली रेघ पूर्व काठावर दाखवून पाकिस्तान म्हणतं सगळी क्रीक आमची. भारत म्हणतो, हद्द प्रवाहाच्या मध्यातून, जलमार्गाच्या नियमाने. तो नियम जिथे बोटी जाऊ शकतात तिथे लागतो. त्यावर पलीकडचे म्हणतात, ही बोटी जाण्याजोगी नाहीच. इकडचे म्हणतात, भरतीला जाते की. १९६८ चा कच्छ लवादाचा निवाडासुद्धा हिला वगळून झाला.

म्हणजे क्रीकमध्ये होडी चालते का नाही, यावर सीमा अडलीय. आणि शेजारी एक 'हरामी नाला'ही आहे, नाव खरं आहे, हसू नका.

न्यूजर्सीचा बंड्या :
मामा, तुमची प्रतिक्रिया वाचून इथला वाक्प्रचार आठवला. माणूस पुरता अडकला की म्हणतात 'अप द क्रीक', पुढे 'विदाउट अ पॅडल'. वल्हं नसताना क्रीकमध्ये वर अडकलाय. सभ्य माणसांत एवढंच म्हणतात, मूळ रूपात क्रीकच्या आधी एक शब्द आहे तो इथे लिहीत नाही.

आणि एक. क्रीक नावाची मूळ अमेरिकन जमात आहे, मस्कोगी. ते स्वतःला क्रीक म्हणत नव्हते. त्यांची वस्ती अशा एका क्रीककाठी होती म्हणून इंग्रज व्यापाऱ्यांनी ते नाव चिकटवलं. मुलांना इतिहासात हे लागलं तर पुन्हा ओढा-खाडी करत बसू नका, तिथे माणसं आहेत.

पक्षीवेडी :
ताई, डायरीत लिहायला एक भक्कम गोष्ट देते. २०२२ मध्ये आपली खाडी रामसर यादीत गेली. म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे नाव काय नोंदलंय? 'ठाणे क्रीक'. क्षेत्र ६,५२१ हेक्टर. महाराष्ट्रात त्याआधी नांदूरमध्यमेश्वर आणि लोणार, तिसरी आपली. त्याच्याही आधी २०१५ ला इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, त्याच्याही नावात ठाणे क्रीक आहे. ऐरोलीला वनखात्याचं केंद्र आहे ना तुमच्या जवळच, तिथल्या पाटीवर हेच नाव आहे. लेकीला पाटीसमोर उभं करून फोटो काढा आणि वहीला चिकटवा. ओढ्यात फ्लेमिंगो कशाला येतील? त्यांना खाडीचा चिखल लागतो, चोच उलटी धरून त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात.

खोपट मास्तर :
फोटो चिकटवा, पण नम्रपणे. शिक्षकाला वर्गासमोर चूक दाखवलेली आवडत नाही, दुसरा अर्थ दाखवलेला आवडतो. 'ओढा चूक आहे' असं अजिबात लिहू नका, कारण चूक नाही. त्या शब्दावर त्याच वर्गात उद्या एखादी अमेरिकन गोष्ट आली तर तिथे ओढाच घ्यावा लागेल.

ऐरोलीची आई :
सगळ्यांचे आभार. मसुदा टाकते, बघा :

"आदरणीय मिस, क्रीक शब्दाचा 'लहान ओढा' हा अर्थ अमेरिका-ऑस्ट्रेलियात चालतो. ब्रिटिश इंग्रजीत आणि आपल्या ठाणे क्रीकच्या नावात त्याचा अर्थ समुद्राचं पाणी आत येतं ती खाडी असा आहे. मुलीने तो अर्थ लिहिला होता. वर्गात दोन्ही अर्थ सांगता आले तर मुलांना आवडेल. सोबत पाटीचा फोटो जोडत आहे."

मार्काचा उल्लेख मुद्दाम केला नाही.

जुना ठाणेकर :
चांगलं आहे. फक्त 'ब्रिटिश इंग्रजीत आणि' च्या आधी 'मूळ अर्थ' असं घाला. थोरला कोण ते कळू दे.

पामबीचवाला :
काका सोडणार नाहीत. :)

ऐरोलीची आई :
घातलं, काका. उद्या डायरी जाईल. लेकीने खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवलीय : मिस, आमच्या गॅलरीतून कचरा उलटा जातो. ती खोडायला तयार नाही, तशीच पाठवते.